एक बघितलं की सगळी बघितली?

सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीने विचारलं, आईबाबा येताहेत, लंडन झालंय, इकडे सफकमध्ये काय दाखवू? मी आपलं लिहिलं, वेनहॅस्टनचं चर्च दाखव, तिथून ब्लायबऱ्याचं चर्चही जवळच आहे. लगेच तीन हसरे चेहरे, आणि खाली एकाचं, "चर्च काय बघायचं? एक बघितलं की सगळी बघितली." त्याला अकरा लाइक.

अकरा! वेरूळला गाइडच्या मागे चार तास फिरणारी, हेमाडपंती देवळाचा एकेक खांब हात लावून बघणारी माणसं आहेत ही. इथे आल्यावर डोळ्यांना काय होतं यांच्या?

माझी आई आली होती तेव्हा नोव्हेंबर होता. वेनहॅस्टनला दारातच तिने बूट काढले. मी म्हटलं, अगं आई, इथे नाही काढत. ऐकते कुठली! फरशी बर्फासारखी. आत फुलं लावत बसलेल्या आजीबाईंनी बघितलं आणि काही न बोलता गुडघे टेकायची एक उशी आणून पायाशी ठेवली. त्या उशीवर दोऱ्याने क्रूस भरलेला. आई म्हणाली, "देवाचं आहे ते, पाय कसा ठेवू?" मी भाषांतर केलं. आजीबाई आत गेल्या आणि जाजमाचा एक तुकडा घेऊन आल्या.

तर त्या जाजमावर उभं राहून आईने ते चित्र बघितलं. लाकडी फळ्यांवर रंगवलेला कयामतीचा दिवस, पाचशे वर्षांपूर्वीचा. वर येशू, खाली तराजू घेतलेला देवदूत आणि हिशेबात खोट काढायला टपलेला सैतान, एका टोकाला नरक म्हणून माशाचा भला मोठा जबडा. स्वर्गाच्या दारात उभ्या माणसांच्या अंगावर सूतभर कपडा नाही, पण राजाच्या डोक्यावर मुकुट आहे आणि बिशपच्या डोक्यावर टोपी. नाहीतर कोण मोठा हे कळणार कसं!

एक बघितलं की सगळी बघितली म्हणे. हे दाखवा मला दुसरीकडे.

सोळाव्या शतकात इंग्लंड कॅथलिकचं प्रोटेस्टंट झालं, मूर्ती उतरवल्या आणि चित्रावर चुना फासला. पुढे साडेतीनशे वर्षांच्या आसपास लोकांनी त्या चुना फासलेल्याच फळ्या बघितल्या. १८९२ साली दुरुस्तीत त्या उपटून बाहेर दफनभूमीत टाकल्या, रद्दी म्हणून. रात्री पाऊस आला. चुना धुपला आणि सकाळी त्या ढिगातून चेहरे बघायला लागले. एक रात्र कोरडी गेली असती तर कुणाच्या तरी शेकोटीत गेलं असतं सगळं. मला हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

बरं, कबूल, सगळीच चर्चेस अशी नसतात. एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन लोकांनी बरीच घासूनपुसून गुळगुळीत करून ठेवली आहेत. काहींना कुलूप असतं, कारण छतावरचं शिसं चोर नेतात. आणि दहा दिवसांसाठी आलेल्या माणसाला टॉवर ब्रिज बघायचा असतो, तेही समजू शकते.

पण मग हसू नका ना!

ब्लायबऱ्याच्या छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. त्यांत छर्रे सापडले. मूर्तिभंजक डाऊसिंग १६४४ मध्ये आला होता, त्याच्याच माणसांनी गोळ्या झाडल्या असं मी तीन वर्षं पाहुण्यांना छातीठोकपणे सांगत होते. छर्रे निघाले अठराव्या शतकातले. आत घाण करणाऱ्या कावळ्यांवर गावकऱ्यांनीच बार काढले होते! माझी फजिती झाली, पण गोष्ट आधीपेक्षा आवडायला लागली. आणि हार्टफर्डशरमधल्या ॲशवेलला मनोऱ्याच्या भिंतीवर १३५०च्या प्लेगमधून वाचलेल्या कुणीतरी लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय की आता फक्त गाळ उरलाय माणसांचा. तिथे तिकीट नाही, काच नाही. २०२१चा एप्रिल ज्यांनी पुण्यात काढला त्यांनी त्या अक्षरांसमोर उभं राहावं आणि मग टाकावेत हसरे चेहरे.

जाऊ दे. चिडून टाइप करतेय, चहा गार झाला.

आईचं राहिलंच. त्या चित्रात मधोमध क्रुसाच्या आणि दोन्ही बाजूंना उभ्या माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत. मूर्ती फळ्यांनाच ठोकलेल्या होत्या, त्यामागे रंग लावलाच नव्हता. मी अजून काही सांगितलं नव्हतं. आई त्या जागांकडे बघत म्हणाली, "इथे देव होते का गं?" मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "आपण वाडा सोडला तेव्हा देव्हारा काढला, भिंतीवर असंच उरलं होतं."

निघताना तिने दानपेटीत दहा पौंड टाकले. माझ्याच पर्समधले.

ग्रुपवर आता आउटलेट मॉलच्या पार्किंगची चर्चा चालू आहे. मी शनिवारी वेनहॅस्टनला जातेय, त्या आईबाबांना घेऊन. त्या मुलीने मला वेगळा मेसेज केला. गाडीत अजून एक जागा आहे. मोजे जाड आणा.