पर्सी जीव्ह्ज टेस्ट क्रिकेटर नव्हता

व्हॉट्सॲपवर फिरतंय ना, की इंग्रज विनोदी लेखक वुडहाउसच्या गोष्टींतला नोकर जीव्ह्ज म्हणजे खराखुरा इंग्लंडचा टेस्ट प्लेयर, त्याच्यावरूनच ते पात्र बेतलंय, तर ते अर्धंच खरं आहे. फक्त आडनाव घेतलं होतं. १९१३ मध्ये चेल्टनहॅमला वुडहाउसने पर्सी जीव्ह्ज या क्रिकेटरला वॉरिकशायर या इंग्लिश काउंटी टीमकडून खेळताना पाहिलं, नाव डोक्यात राहिलं, बस्स. स्वभाव वगैरेचा काही संबंध नाही.

आणि टेस्ट तर तो एकही खेळला नाही हो. मूळचा यॉर्कशायरचा, १९१२ ते १९१४ एवढंच करियर, ५० फर्स्ट क्लास मॅचेस, १९९ विकेट्स. १९१३ ला पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये १०६ काढल्या! १९१४ ला ओव्हलवर प्लेयर्सकडून (म्हणजे व्यावसायिक खेळाडूंची टीम) जंटलमेनविरुद्ध (म्हणजे हौशी खेळाडूंची टीम) ४४ रन्समध्ये ४ घेतल्या, ते बघून प्लम वॉर्नरसारखा माजी कॅप्टन म्हणाला हा पोरगा इंग्लंडकडून खेळणार, आणि त्याच उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं, हा रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटमध्ये भरती झाला. २२ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलावरच्या हल्ल्यात गेला, वय २८. बॉडीसुद्धा सापडली नाही, तिथल्याच थिएपव्हालच्या, बेपत्ता सैनिकांच्या स्मारकावर नुसतं नाव कोरलंय.

प्लीज, पुढे पाठवताना एवढं तरी नीट लिहा.