मसाले सडक्या मांसासाठी नव्हते

डिसेंबर लागला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. युरोपात नाताळाला दालचिनी, लवंग, जायफळ आणि उदाचा घमघमाट असतो, कारण पूर्वी तिथे हिवाळ्यात सडकं मांस खावं लागे आणि घरातली दुर्गंधी झाकावी लागे. आपले मसाले त्यांनी नेले ते त्यासाठीच, असं त्यात म्हटलेलं असतं. हे साफ चूक आहे.

मिरी मलबारची, दालचिनी श्रीलंकेची, लवंग तेव्हा आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्काच्या मोजक्या बेटांवरची आणि जायफळ फक्त तिथल्याच बांदा बेटांवरचं. समुद्र, वाळवंट, मग व्हेनिस. प्रत्येक टप्प्यावर जकात आणि नफा चढत जाई. हे ज्याला परवडे, त्याला ताजं मांस न परवडायला काय झालं?

शिवाय थंडीत मांस सडतं कमी. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास जनावरं कापत, मांस मिठात मुरवत, धुरावर टांगत. टिकवण्याचं काम मीठ आणि धुराचं. लवंगेतलं युजेनॉल जंतूंना थोडंफार रोखतं हे खरं, पण सडलेल्या मांसात तयार झालेलं विष वास झाकल्याने जात नाही. लोकांनाही ते कळत होतं. चौदाव्या शतकातल्या लंडनमध्ये नासकं मांस विकणाऱ्याला भर चौकात खोड्यात अडकवत आणि तेच मांस त्याच्या नाकाखाली जाळत.

मग हिवाळ्यातच मसाले का? तिथल्या वैद्यकात हिवाळा थंड आणि ओला, तर मसाले उष्ण आणि कोरडे मानत. थंडीत सुंठ घातलेले डिंकाचे लाडू खाणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. १३९० च्या दशकात पॅरिसमधल्या एका सुखवस्तू गृहस्थाने तरुण बायकोसाठी घरकामाची वही लिहिली. तिच्यात दालचिनी, आलं आणि जायफळ घातलेल्या गोड वाइनची कृती आहे. मसाले होता होईल तो उशिरा घाला, नाहीतर त्यांची चव उडते, असंही तो बजावतो. वास मारायला मसाला घालणारा माणूस असं लिहील का? आणि या वाइनमध्ये मांस कुठे आहे? न्यूरेंबर्गच्या प्रसिद्ध मसाल्याच्या केकमध्ये तरी कुठे आहे?

या मेसेजने आपला अभिमान सुखावतो, म्हणून तो पुढे ढकलला जातो. पण त्यात मलबारच्या मिरीची किंमत दुर्गंधीनाशकाइतकीच उरते, याचा मला खरंच राग येतो.

राहिला धूर. प्लेगच्या काळात सुगंधी लाकूड जाळत, कारण दूषित हवेनेच रोग होतो अशी समजूत होती. म्हणजे तोही उपचारच. नाताळातला ऊद मात्र थेट बायबलमधला. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस देतात. आल्प्समधल्या गावांत नाताळापासून ६ जानेवारीपर्यंतच्या रात्रींत निखाऱ्यांवर ऊद आणि जुनिपर या झुडपाच्या सुगंधी डहाळ्या टाकून तो धूर घरभर आणि गोठ्यात फिरवतात. वर्षभराची इडापिडा टळावी, एवढाच त्यामागचा हेतू.