किडकं लाकूड, रेझिन आणि ‘फसवणूक’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, म्हणून मीही तसंच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चांगला सुतार लाकूड पारखून घेतो, कीड लागलेला नि भेगाळलेला तुकडा चुलीत घालतो. त्याच भोकांत रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं द्रव प्लास्टिक, ओतायचं, लेथवर पेन कातायचं आणि ‘लाकडी पेन’ म्हणून मिरवायचं, ही फसवणूक. वर, हवा खेचून घेणाऱ्या व्हॅक्यूम पंपानं भागत असताना प्रेशर पॉटचा, म्हणजे आत हवेचा दाब देणाऱ्या बंद भांड्याचा, खर्च कशाला? आणि दाबच हवा असेल तर घरातला कुकर काय वाईट?

विकताना नुसतं ‘लाकडी’ म्हणू नये, हे मान्य. ‘लाकूड आणि रेझिन’ असंच सांगावं. पण दोष झाकायला हे करतात, हे काही खरं नाही. झाकायचंच असेल तर भुसा नि फेव्हिकॉल कालवून भेग भरतात नि वरून पॉलिश मारतात. आपल्याकडच्या कितीतरी दारांवर, पलंगांवर ते झालेलं असतं आणि त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. रेझिनमध्ये भेग उघडी दिसते, दिसावी म्हणूनच ती ठेवलेली असते. आंब्याच्या फळीत बुरशीनं ओढलेल्या काळ्या रेघा किंवा बाभळीच्या गाठीतली वेडीवाकडी पोकळी निरोगी लाकडात मिळणारच नाही. सरळ धाग्याच्या, धडधाकट शिसवाला कुणी रेझिन पाजत असेल तर त्याच्याशी भांडायला मी तुमच्या बाजूनं येईन.

शिवाय पेनाचं माप बघा. ब्लँक, म्हणजे ज्यातून पेन कातायचं तो तुकडा, साधारण 19 मिमी चौरस आणि 127 मिमी लांब. साध्या, बारीक पेनासाठी त्यात 7 मिमीचं भोक पाडून पितळी नळी चिकटवायची आणि बाहेरून कातत जायचं. शेवटी नळीभोवती जेमतेम दोन मिमी लाकूड उरतं. रेझिनशिवाय किडकं लाकूड तिथवर पोचतच नाही. ड्रिल करतानाच फुटतं, नाहीतर पटाशी टेकवताच त्याच्या कपच्या उडतात.

याच हिशेबात तुमच्या बाजूचा एक मुद्दा दडलाय आणि तो तुम्ही मांडलाच नाहीत. ब्लँकच्या पाच भागांतले चारांहून जास्त भाग कातून खाली पडतात. त्यात प्लास्टिक मिसळलेलं, म्हणजे तो भुसा चुलीतही नको नि खतातही नको. म्हणून या पेनांवर ‘पर्यावरणपूरक’ असं लिहिलेलं दिसलं की मला चीड येते. साचा लाकडाला घट्ट बसेल असा करून रेझिन कमी ओतायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

आता व्हॅक्यूम. इथे दोन वेगळी कामं तुमच्या लिहिण्यात एकत्र झाली आहेत. लाकूड भुसभुशीत असेल तर ते पातळ रेझिनमध्ये बुडवून व्हॅक्यूम लावतात. आतली हवा निघते, पंप थांबवून हवा आत सोडली की रेझिन लाकडात शिरतं आणि मग साधारण 90 अंश सेल्सिअसला ते भट्टीत कडक करतात. तिथे पंपाला पर्याय नाही. पण पोकळ्या भरायच्या असतात तेव्हा आपण बहुधा पॉलियुरेथेन या जातीचं रेझिन वापरतो आणि ते दहा-बारा मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. लाकडातली हवा व्हॅक्यूममध्ये तासन्‌तास निघत राहते. ती निघत असतानाच रेझिन आळलं तर फुगलेले बुडबुडे तसेच अडकतात. दाबाचं काम उलटं: हवेच्या नेहमीच्या दाबावर 4 बार (म्हणजे त्याच्या साधारण चौपट) जादा दाब दिला की बुडबुडा साधारण पाचव्या हिश्श्याएवढा होतो, काही हवा रेझिनमध्ये विरघळतेही. रेझिन कडक होईपर्यंत दाब सोडायचा नाही, नाहीतर बुडबुडे पुन्हा फुगतात.

आणि दाबानं सगळेच बुडबुडे जातात असंही नाही. पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेट या घटकाची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे ओलसर लाकडाभोवती चक्क फेस येतो. वखारवाला ज्याला ‘वाळलेलं’ म्हणतो त्यातही दहा-बारा टक्के ओल असते, पावसाळ्यात तर जास्तच. तुकडा शंभर अंशांच्या किंचित वर तापवत, अधूनमधून वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की ओतायला घ्यायचं.

कुकर मात्र नको! त्याची शिट्टी एक बारच्या आसपास वाजते आणि त्याच्या चौपट दाब सोसायला तो बनवलेलाच नाही. रंगाच्या स्प्रेचा प्रेशर टँक घ्या, त्यावर लिहिलेल्या मर्यादेच्या आत राहा, सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नका. आयसोसायनेटच्या वाफेनं दमा जडू शकतो, तेव्हा खोलीही हवेशीर हवी.

तुमच्या जुन्या घरातली वाळवी लागलेली सागाची तुळई तुम्ही जाळणार आहात म्हणे. त्याआधी एक तुकडा कापून नखानं दाबून बघा. नख रुतलं तर आधी पातळ रेझिन पाजावं लागेल, आणि साग तेलकट असल्यानं तो ते नीट पिईलच असं नाही. नख रुतलं नाही नि नुसत्या पोकळ्याच असतील तर आतली माती ब्रशनं झाडा, ॲसिटोननं पुसा, वाळवा आणि ओता. तुळईतले खिळे मात्र करवत लावण्याआधीच शोधून काढा.