खुनी मला पन्नासाव्या पानावरच कळला होता

रहस्यकादंबरी वाचून संपली की वाचकाचे काम संपते, असा एक गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः खरे काम तेव्हाच सुरू होते. कादंबरी वाचणे ही खासगी बाब आहे. ती वाचताना आपण लेखकापेक्षा किती पुढे होतो हे चार लोकांच्या कानावर घालणे मात्र सामाजिक कर्तव्य आहे, आणि ते नीट पार पाडायचे तर काही पथ्ये पाळावी लागतात. गेल्या सहा महिन्यांत मी डझनभर रहस्यकादंबऱ्या वाचल्या आणि त्याहून अधिक माणसांकडून त्यांच्याबद्दलची मते ऐकली. त्या दुसऱ्या अनुभवाच्या जोरावर आपणांस हे मार्गदर्शन करीत आहे.

कोणत्याही कादंबरीचे नाव निघाले की आपले पहिले वाक्य ठरलेले असावे : "खुनी मला पन्नासाव्या पानावरच कळला होता." पानाचा आकडा अवश्य सांगावा, कारण नुसत्या "लवकरच कळला"ला वजन येत नाही. तो फार खालीही आणू नये. एका गृहस्थांनी माझ्यासमोर अकराव्या पानाचा दावा केला होता, आणि त्या कादंबरीत खून तेविसाव्या पानावर होतो. या दाव्यात खोटेपणा आहे की काय, अशी टोचणी मनाला लावून घेण्याचे कारण नाही. वाचताना आपण नवरा, पुतण्या, वकील, माळी अशा सगळ्यांवर आळीपाळीने संशय घेतलेला असतो. तेव्हा शेवटी जो कोणी निघेल त्याच्यावर आपला संशय कधी ना कधी जाऊन आलेलाच असतो. माझ्या यादीत तर एकदा ज्याचा खून झाला तोही होता.

रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिले. एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारे नकोत, गुप्तहेर स्वतः गुन्हेगार नको, असे सारे त्यात आहे. पण मला त्यातला सर्वांत मार्मिक नियम वाटतो तो गुप्तहेराच्या भाबड्या मित्राविषयीचा. त्या मित्राची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच कमी असावी, असे नॉक्स सांगतो. वाचकाची नाडी याहून अचूक कोणी पाहिली असेल असे वाटत नाही. आपण अर्थातच स्वतःला त्या मित्राच्या शेजारी न बसवता थेट गुप्तहेराच्याही वरच्या पायरीवर बसवावे.

आता क्वचित असे घडते की लेखक आपल्याला सपशेल फसवतो. अशा वेळी "फसलो" हा शब्द तोंडातून काढू नये. "लेखकाने लबाडी केली" असे म्हणावे. या तक्रारीला मोठी परंपरा आहे. अगाथा ख्रिस्तीची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ साली आली तेव्हा तिच्या शेवटावरून पुष्कळ वाचक असेच चिडले होते. ती कादंबरी मी अलीकडे दुसऱ्यांदा वाचली आणि लक्षात आले की बाईंनी सारे काही आपल्या डोळ्यांसमोरच ठेवलेले आहे. कित्येक वाक्ये दोन्ही अर्थांनी खरी आहेत आणि आपण आपल्या सोयीचा अर्थ घेऊन पुढे धावलेलो आहोत. म्हणून माझा सल्ला असा की रहस्यकादंबरी दुसऱ्यांदा वाचण्याच्या फंदात पडू नये. लेखकावरचा राग त्यामुळे नाहक निवळतो.

रहस्य फोडणे हे असंस्कृतपणाचे लक्षण आहे, याबद्दल दुमत नाही. लंडनमध्ये ख्रिस्तीबाईंचेच एक नाटक १९५२पासून, कोविडच्या काळातला खंड सोडला तर, सतत चालू आहे, आणि प्रयोग संपल्यावर रंगमंचावरून प्रेक्षकांना विनंती केली जाते की हे गुपित आपल्यापाशीच ठेवा. आपणही गुपित आपल्यापाशीच ठेवावे; केवळ ते आपल्यापाशी आहे हे समोरच्याला जाणवू द्यावे. या कलेत माझ्या थोरल्या वहिनींचा हात धरणारा कोणी नाही. मी पुस्तक घेऊन बसलेला दिसलो की त्या विचारतात, "भाऊजी, कुठपर्यंत आलात?" मी प्रकरण सांगतो. त्या क्षणभर छताकडे पाहतात आणि म्हणतात, "म्हणजे तो धाकटा भाऊ अजून आहे म्हणायचा. बरं, वाचा, वाचा." त्यांनी काहीही सांगितलेले नसते. पुढची दीडशे पाने मी त्या धाकट्या भावाच्या मरणाची वाट पाहत काढतो.

हल्ली जपानी रहस्यकादंबऱ्या इंग्रजी अनुवादांतून सहज मिळू लागल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी मत असणे अनिवार्य झाले आहे. केइगो हिगाशिनो याच्या २००५च्या गाजलेल्या कादंबरीत खून सुरुवातीलाच वाचकाच्या डोळ्यांदेखत होतो. कोणी केला, का केला, हे सारे उघड असते, आणि पुढचा खेळ एका गणिताच्या शिक्षकाने रचलेला बनाव पोलिसांसमोर टिकतो की नाही याचा आहे. इथे "खुनी मला आधीच कळला होता" हे आपले वाक्य आयुष्यात प्रथमच शंभर टक्के खरे ठरते. संधी दवडू नये. त्यापाठोपाठ "हे सगळे 'दृश्यम'वरून उचललेले आहे" असे सांगावे. कादंबरी २००५ची आणि मूळ मल्याळम चित्रपट २०१३चा, हा क्षुल्लक तपशील आड येऊ देऊ नये.

सेइशी योकोमिझो याची किंदाइची या गुप्तहेराची १९४६ सालची पहिली कादंबरी वाचली असल्यास एवढेच म्हणावे की जपानी नावे काही केल्या लक्षात राहत नाहीत. (आपल्या चुलत सासूबाईंच्या मामेभावाचे व्याही कोणत्या बँकेतून निवृत्त झाले, हे आपल्याला पाठ असते, ही गोष्ट वेगळी.) खरे सांगायचे तर या कादंबरीने मला रात्री दीड वाजेपर्यंत जागवले. लग्नाची रात्र, जुन्या घराण्याच्या वाड्याच्या आवारातले आतून बंद केलेले घर, मध्यरात्री किंकाळीपाठोपाठ ऐकू आलेले कोतो या तंतुवाद्याचे विचित्र सूर, दार फोडल्यावर दिसलेले नवरानवरीचे मृतदेह, आणि बाहेर बर्फात रोवलेली रक्ताळलेली तलवार, जिच्या आसपास पाऊल उमटल्याची खूण नाही. उलगडा थोडा यांत्रिक आहे हे मान्य; पण त्या यंत्रामागचे कारण कुळाचा अभिमान आणि चारचौघांत मान खाली जाण्याची भीती यांतून आलेले आहे, आणि ते कोणत्याही मराठी वाड्यात सहज खपून गेले असते. अर्थात असे काही बोलून दाखवू नये. लोकांना वाटते की आपल्याला खुनी वेळेवर ओळखता आला नाही, म्हणून आपण समाजशास्त्राकडे वळलो.

मानसशास्त्रीय थरारकथांबाबत मात्र मला खऱ्याच अर्थाने सल्ला द्यावासा वाटतो, कारण त्यांतल्या लागोपाठ चार वाचून माझी सहनशक्ती संपली आहे. गिलियन फ्लिन हिच्या २०१२च्या आणि पॉला हॉकिन्स हिच्या २०१५च्या कादंबरीने जे यश मिळवले, त्यानंतर निवेदन करणाऱ्या स्त्रीला काहीतरी आठवत नसणे हा जणू नियमच झाला. तिला दारूमुळे आठवत नाही, गोळ्यांमुळे आठवत नाही, अपघातामुळे आठवत नाही. आणि शेवटची चाळीस पाने उरली की सगळे नेमक्या क्रमाने, संवादांसकट आठवते. मलपृष्ठावर "शेवटचा धक्का तुम्हाला हादरवून टाकील" असे छापलेले असते, त्यामुळे वाचक पहिल्या पानापासून दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसतो आणि धक्का येतो तेव्हा त्याला फक्त हात अवघडल्याचे जाणवते. तरीही आपण "हादरलो" असेच म्हणावे. विकत घेतलेल्या पुस्तकाच्या बाबतीत तर नक्कीच.

राहिला मराठीचा प्रश्न. "मराठीत रहस्यकथाच नाही हो" हे वाक्य सुस्कारा सोडून म्हणायचे असते. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंद या नायकाच्या पुस्तकांसाठी मुले वाचनालयात नंबर लावत असत, हे कोणी पुढे केले तर "ते आम्ही लहानपणी वाचायचो" एवढे उत्तर पुरे. ज्या पुस्तकांनी आपल्याला वाचायला शिकवले, ती पाठ्यपुस्तकाच्या आत लपवून वाचली असल्यामुळे त्यांना साहित्य म्हणता येत नाही.

ज्यांना एवढे बोलण्याची उसंत नाही, त्यांच्यासाठी आमच्या वाचनालयातल्या एका अनामिक सभासदाने सोपा मार्ग घालून दिला आहे. गेल्या महिन्यात मी तिथून आणलेल्या कादंबरीत, पात्रांच्या ओळखीच्या पानावर, एका नावाखाली पेन्सिलीने ठसठशीत रेघ ओढून समासात "हाच!" असे लिहिलेले होते. मी मनातल्या मनात त्या सभासदाच्या सात पिढ्यांची विचारपूस केली आणि चरफडत वाचू लागलो. त्या माणसाचे प्रत्येक बोलणे मला काळे दिसत होते, त्याने चहा ओतला तरी मी कपाकडे पाहत होतो. तीनशे पाने अशी गेल्यावर शेवटच्या प्रकरणात खुनी भलताच निघाला. आमच्या सभासदाला बहुधा पन्नासाव्या पानावरच सारे कळले होते आणि पुढे वाचायची गरज भासली नव्हती.

पुस्तक परत करायला निघताना मी खोडरबर हातात घेतले होते. मग ते खाली ठेवले आणि अस्पष्ट झालेली ती रेघ पेन्सिलीने पुन्हा नीट गिरवली.