ड्रायपोर्टला सरकारी पैसा द्या, पण गाडी धावण्याच्या अटीवर

जालन्याच्या ड्रायपोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूर पण रेल्वेने बंदराशी जोडलेल्या कंटेनर टर्मिनलचं, भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं. न्हावाशेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीटीने, म्हणजे आजच्या जेएनपीएने, दरेगाव परिसरात सुमारे १८० हेक्टर जमीन घेतली. पुढे ड्रायपोर्टचा मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्क (रस्ता आणि रेल्वे दोन्हींचा माल हाताळणारं केंद्र) झाला, महामार्ग प्राधिकरणाची कंपनी सोबत आली, कुंपण, रस्ते, साईडिंग (मुख्य मार्गावरून आत येणारे बाजूचे रूळ) यांवर पैसा खर्च होत राहिला. तेव्हापासून आमच्या घरात एकच वाद चालू आहे. धाकटे काका म्हणतात, जमीन सरकारने द्यायची, रूळ सरकारने टाकायचे आणि चालवायला खासगी कंपनी; म्हणजे नफा त्यांचा, तोटा आपला. मावसभावाचा त्यावर संताप असतो: मराठवाड्यात काही यायचं म्हटलं की लगेच हिशेब मागता, मुंबई-पुण्यातल्या कामांना कुणी विचारतं का?

मी जर्मनीत डुइसबुर्गला राहते. ऱ्हाइन आणि रूर नद्यांच्या संगमावरचं हे जगातलं सर्वांत मोठं अंतर्देशीय बंदर. कंटेनर रेल्वेने जाणार, बार्जने की ट्रकने, कुठल्या दिवशीच्या गाडीवर चढणार, हे ठरवणं माझं रोजचं काम. त्यामुळे या वादात मी अलिप्त राहू शकत नाही. माझं म्हणणं असं की सरकारी पैसा घातलाच पाहिजे, आणि सढळ हाताने. मात्र तो कशासाठी दिला याची अट करारात लिहून घेतली पाहिजे. आपल्याकडे भांडण पैसा द्यावा की न द्यावा इथेच अडतं, आणि अटींपर्यंत कुणी पोचत नाही.

टर्मिनलला सरकारी पैसा का लागतो, ते आधी सांगते. गेटवर ट्रक येतो, वरचा कॅमेरा कंटेनरचा नंबर वाचतो, ड्रायव्हरला लेन मिळते. रुळांच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून उभी असलेली गॅन्ट्री क्रेन कंटेनर उचलते आणि वॅगनवरच्या चार खुंट्यांवर अलगद टेकवते. काही मिनिटांचं काम. पण ही उचल फुकट नसते आणि ती दोनदा होते, एकदा इथे आणि एकदा पलीकडच्या टोकाला. कारखान्याच्या दारातून थेट बंदरात जाणाऱ्या ट्रकला हा खर्चच नाही. म्हणून अंतर खूप लांब असलं की रेल्वे स्वस्त पडते आणि मध्यम अंतरावर ट्रक बाजी मारतो. टर्मिनलवाला उचलीचे दर वाढवायला गेला तर माल रस्त्यावर पळतो. दर कमी ठेवले तर क्रेन, रूळ आणि काँक्रीटचे पैसे वसूल व्हायला पिढी जाते. आणि रस्त्यावरची गर्दी, धूर, अपघात कमी झाल्याचा फायदा सगळ्या गावाला होतो, पण त्याचं बिल टर्मिनलवाला कुणाच्या नावे फाडणार?

जर्मनीने हे ओळखून १९९८ पासून अशा टर्मिनलांसाठी अनुदान योजना चालवली. खासगी किंवा स्थानिक मालकीच्या कंपनीने टर्मिनल बांधलं किंवा वाढवलं, तर पात्र खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र सरकार देतं. काकांना हा आकडा सांगितला तर ते उडतील. पण त्या पैशामागे अटी येतात. टर्मिनल सगळ्यांना सारख्या दरात खुलं ठेवायचं, आपल्याच गाड्यांना आधी जागा द्यायची नाही, ठरावीक वर्षं ते चालवायचं, त्या जागेचा दुसरा वापर करायचा नाही. शिवाय एका कंपनीला झुकतं माप तर मिळत नाही ना, हे युरोपीय आयोग तपासतो.

सवलती पैशाच्याच असतात असंही नाही. इथे साध्या ट्रकला एकूण वजनाची मर्यादा ४० टन, पण रेल्वे टर्मिनलला कंटेनर आणणाऱ्या-नेणाऱ्या ट्रकला ४४ टन. सरकारचा एक सेंटही खर्च न होता जड माल रेल्वेकडे वळतो. भंगार आणि सळई हाताळणाऱ्या जालन्यासाठी असा नियम काय करू शकेल, याचा विचार आपल्या परिवहन खात्याने जरूर करावा.

डुइसबुर्ग बंदराची कंपनीही सरकारीच आहे: दोन तृतीयांश हिस्सा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याचा, एक तृतीयांश शहराचा. ऱ्हाइनहाउझेन भागात क्रुप कंपनीचा पोलादाचा कारखाना होता. तो बंद होणार म्हटल्यावर १९८७-८८ मध्ये कामगारांनी महिनोन्‌महिने लढा दिला, पूल अडवले, शहर त्यांच्या मागे उभं राहिलं. तरीही १९९३ मध्ये शेवटची भट्टी विझली. त्याच जमिनीवर १९९८ पासून लॉजपोर्ट उभं राहिलं: गोदामं, रूळ, कंटेनर टर्मिनल. त्या रस्त्याने कामावर जाताना मला जालन्याची एमआयडीसी आठवतेच. पोलादावर जगणाऱ्या गावाला पोलादाशिवाय दुसरा आधार असावा, ही गोष्ट मी इथे राहून शिकले. तेव्हा त्या ओसाड जमिनीवर कुठली खासगी कंपनी स्वतःहून पैसा ओतायला आली नसती.

म्हणजे जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. नेदरलँड्सने रॉटरडॅमपासून जर्मन सीमेपर्यंत फक्त मालगाड्यांसाठी १६० किलोमीटरचा बेटूवे मार्ग बांधला. त्यासाठी सुमारे ४.७ अब्ज युरो खर्चले आणि २००७ मध्ये तो सुरू केला. सीमेच्या अलीकडे एमेरिख ते ओबरहाउझेन तिसरा रूळ टाकण्याचं काम जर्मनीचं. दोन्ही देशांचा करार १९९२ चा, आणि ते काम आजही पुरं झालेलं नाही. डच बाजूने मोकळ्या रुळावरून आलेली मालगाडी आमच्याकडे प्रवासी गाड्यांच्या मागे रांगेत उभी राहते. २०१७ मध्ये राश्टाटला बोगद्याचं काम चालू असताना वरचा रूळ खचला आणि ऱ्हाइन खोऱ्यातला मुख्य मार्ग ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बंद पडला. टर्मिनलं जागेवर, क्रेन जागेवर, माणसं जागेवर, फक्त गाड्या नाहीत. आजही मार्गांच्या दुरुस्त्यांमुळे वेळापत्रक कोलमडतं, गाडी काही तास उशिरा येते, ट्रक ताटकळतात. दोन-तीन वेळा असं झालं की कारखानदार मला शांतपणे सांगतो, पुढच्या महिन्यापासून ट्रकने पाठवू. तो परत येत नाही.

जालन्याकडे बघताना माझी काळजी हीच आहे. जालना मनमाड-सिकंदराबाद मार्गावर आहे आणि हा मार्ग कित्येक दशकं एकेरीच राहिला. दुहेरीकरण टप्प्याटप्प्याने मंजूर झालं. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या टप्प्याला तर केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी जुलै २०२५ मध्ये मिळाली. मनमाडच्या पुढे कसारा घाट, तिथे १ : ३७ चा उतार आणि बँकर, म्हणजे घाटासाठी जोडावी लागणारी जादा इंजिनं. त्यानंतर लोकलच्या गर्दीतून कल्याण पार करून न्हावाशेवा. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी हा शेवटचा तुकडा सर्वांत जास्त रखडला, आणि तो मार्ग तसाही उत्तरेकडे जातो, मराठवाड्याच्या वाट्याला येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गाला ७,१०० कोटींहून अधिक खर्चाची मंजुरी मिळाली, ही खरी मोलाची गोष्ट. पण तोपर्यंत टर्मिनलवर आणखी शेड बांधल्याने एकही गाडी वेळेवर सुटणार नाही.

दुसरीकडे समृद्धी महामार्ग जालन्याच्या अंगावरून जातो. ७०१ किलोमीटर, खर्च ५५ हजार कोटींच्या घरात, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही खुला. जालना ते न्हावाशेवा हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ट्रकला सोयीचंच. हा महामार्ग झाला याचा मला आनंद आहे. पण रस्त्यावर इतका सार्वजनिक पैसा घातल्यावर त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या टर्मिनलला मात्र म्हणायचं की स्वतःच्या पायावर उभं राहा, हा न्याय नव्हे. काकांच्या मुद्द्यावर माझं उत्तर हेच. जर्मनी निदान ट्रककडून किलोमीटरमागे टोल घेतं, डिसेंबर २०२३ पासून त्यात कार्बनचा आकारही लावतं आणि त्या उत्पन्नातला काही भाग रेल्वेकडे वळवतं.

पैसा चुकीच्या ठिकाणी घातला तर काय होतं, ते आपल्याच शेतकऱ्यांनी पाहिलंय. ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल सुटली. फळं-भाज्यांच्या भाड्यात ५० टक्के सवलत होती. सांगोल्याचं डाळिंब थेट बंगालपर्यंत पोचलं, बागायतदार खूश होते. मार्च २०२२ ला अनुदान थांबलं आणि गाड्याही थांबल्या. तो पैसा निव्वळ भाड्यात विरघळला. शीतगृह, फलाटावरची सोय, प्रीकूलिंग असं टिकाऊ काही त्यातून उभं राहिलं असतं, तर अनुदान गेल्यावरही काहीतरी हाती उरलं असतं.

माझी एक वर्गमैत्रीण जालन्यात जिनिंग-प्रेसिंग चालवते. तिची तक्रार ड्रायपोर्ट नाही ही नाहीच. ती म्हणते, पोलाद कारखान्यांसाठी भंगार भरलेले कंटेनर गावात येतात, रिकामे होतात आणि तसेच रिकामे न्हावाशेव्याला परत जातात; मला गाठी पाठवायच्या तर रिकामा कंटेनर बंदरातून मागवावा लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंचं भाडं माझ्याच डोक्यावर. हे दुखणं टर्मिनल नेमकं दूर करू शकतं. शिपिंग कंपन्यांनी रिकामे कंटेनर जालन्यातच ठेवले, ते तिथेच तपासले, धुतले, दुरुस्त केले आणि दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाठींसाठी दिले, तर एकाच कंटेनरची दोन्ही बाजूंची फेरी भरून जाते. डुइसबुर्गमध्ये रिकाम्या कंटेनरांचे डेपो टर्मिनलाइतकेच महत्त्वाचे मानले जातात. सरकारी पैसा द्यायचा तर पहिला या डेपोला आणि कस्टम्सच्या कायमस्वरूपी कर्मचाऱ्यांना द्या, असं मी म्हणेन. शेडचं नंतर बघता येईल.

दुसरा पैसा द्यावा ठरल्या वाराला सुटणाऱ्या गाडीसाठी. आपल्याकडच्या कंटेनर रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, ४५ वॅगन असतात, म्हणजे वीस फुटी ९० कंटेनर. सुरुवातीला जालन्यातून एका वेळी ९० भरणार नाहीत. चालक कंपनी रेक भरेपर्यंत थांबते, माल खोळंबतो, व्यापारी ट्रक बोलावतो आणि रेक आणखी उशिरा भरतो. हा फास तोडायला पहिली दोन-तीन वर्षं रिकाम्या जागांचा तोटा सरकारने उचलावा, दरवर्षी कमी करत आणावा आणि त्याबदल्यात गाडी त्याच वाराला सुटलीच पाहिजे ही अट घालावी. गाडी सुटली नाही तर पैसे नाहीत. टर्मिनल चालवणाऱ्याचे दर वेबसाइटवर असावेत, रेल्वेची सरकारी कंपनी कॉनकॉर असो की दुसरी कंटेनर कंपनी, प्रत्येकाला साईडिंग सारखीच मिळावी, आणि किती रेक आले-गेले हे दर महिन्याला जाहीर व्हावं. जमीन जनतेची आहे, मग करारही जनतेला वाचता यायला हवा.

वर्ध्यातल्या सिंदीलाही अशाच पार्कचं काम हाती घेतलंय. निफाडला साखर कारखान्याच्या जमिनीवर ड्रायपोर्टची घोषणा झाली, सांगली जिल्ह्यात रांजणीची मागणी जुनी आहे. द्राक्ष, कांदा, बेदाणा पिकवणाऱ्या या भागांचा हक्क मी नाकारत नाही. तरीही मला वाटतं की जालना आणि सिंदी इथून आठवड्याच्या ठरल्या गाड्या वर्षभर नेमाने धावेपर्यंत नव्या ठिकाणी कोनशिला बसवू नये. ९० कंटेनरचा रेक चार ठिकाणी वाटला तर चारही ठिकाणी तो पावच भरेल, आणि पाव भरलेला रेक कसाऱ्याचा घाट उतरायला तेवढीच इंजिनं आणि तेवढाच वेळ घेतो.