जत्रेतली चार आवतणं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘एका दिवसात जत्रेची चार आवतणं कशी निभवावीत’ या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या मते मी ‘गमतीच्या नावाखाली लबाडी शिकवतो’, ‘चतकोर खाऊन उठणं हा रांधणाऱ्या माऊलीचा अपमान आहे’, पाहुण्याने एकाच घरी जेवावं आणि बाकीच्यांना सरळ नाही म्हणावं. पाहुण्याने घरी न्यायच्या पेढ्यांचं वजन लिहिलं ती तुम्हाला दुकानदारी वाटली.

मत वेगळं असू शकतं, त्याचं काही नाही. पण ‘लबाडी’ हा शब्द जपून वापरायचा असतो. पान वाढण्याआधी घरच्या बाईला खरं काय ते सांगा, हेच त्या लेखात पुन्हा पुन्हा आलंय. त्याला लबाडी म्हणायचं तर लेख शेवटपर्यंत वाचला होता का, हे विचारायचा हक्क मलाही आहे.

पेढ्यांचं एक मान्य. एकत्र कुटुंबाच्या घरी पाव किलो कंदी पेढे पुरत नाहीत, अर्धा किलो न्यावेत. बाकी दुकानदारी वगैरे सोडून देतो.

आता अपमानाचं. सातारा, वाई, कोरेगावकडची जत्रा मी लहानपणापासून पाहतोय, पंगतीत पळी घेऊन वाढलंही आहे, म्हणून ठामपणे सांगतो: अपमान कमी खाल्ल्याने होत नाही, ताटात टाकल्याने होतो. आणि टाकावं लागतं ते उशिरा बोलल्यामुळे. पाहुणा ओसरीवर घरधन्याला सांगतो, ‘दोन घरं झालीत, थोडंच वाढा.’ घरधनी ‘बघू की’ म्हणतो आणि निरोप चुलीपर्यंत पोचतच नाही. आतून ताट येतं भरलेलं: दोन भाकरी, सुकं मटण, वर भाताचा डोंगर. एकदा हात लागला की ते परत पातेल्यात जात नाही. म्हणून चपला काढल्या की आधी स्वयंपाकघराच्या दारात जायचं आणि जी वाढणार तिलाच सांगायचं, ‘वहिनी, अजून दोन घरं आहेत, चतकोर भाकरी आन् वाटीभर रस्सा द्या, भात नको.’ भात का नको? रश्श्यावर तो नकळत जास्त जातो आणि पुढच्या घरी घास उतरत नाही.

अळणी मात्र मागून घ्यावं. मटण शिजल्यावर वाटण पडायच्या आधी बाजूला काढलेलं ते पाणी पोटाला हलकं असतं, आणि पाहुण्याने आपल्या पातेल्यातलं हक्काने मागितलं याचं त्या बाईला बरं वाटतं. तिच्या चेहऱ्याकडे बघा एकदा, मग अपमानाबद्दल बोलू.

पंगतीत वाढपी समोर आला की ताटावर हात आडवा धरू नये. पळी कलंडलेली असते, उकळता रस्सा बोटांवर येतो. वाटी उचलून आपल्या अंगाकडे घ्यावी आणि भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात राहू द्यावा. ताट रिकामं दिसलं की वाढपी थांबत नाही. उठताना तो तुकडा खाऊनच उठायचं.

‘सरळ नाही म्हणा’ हे लिहायला सोपं आहे. इथे आवतण घराला असतं आणि त्याची परतफेड असते. आज तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या गावच्या जत्रेला ते घर येत नाही, आणि पुढच्या लग्नात दोन्हीकडचे एकमेकांना टाळत फिरतात. वाईजवळच्या बावधनच्या बगाडाला, म्हणजे तिथल्या जत्रेला, रंगपंचमीला चार पाहुण्यांकडे जायचं असणाऱ्याला तुमचा सल्ला काय कामाचा?

घरांचा क्रम मी लिहिला होता, तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. ओळखीची आणि मित्रांची घरं आधी, भावकी मधे, लेकीचं सासर सगळ्यात शेवटी. तिथे पोटभर जेवायचं, कारण तिथे कमी खाल्लेलं बोलून दाखवलं जातं ते लेकीला, तुम्हाला नाही. दोन घरांमधे तासभर तरी जाऊ द्यावा. माळकरी असाल तर आदल्या दिवशीच फोन करून सांगावं, म्हणजे वेगळं पातेलं चढतं. दारात सांगितलं तर ऐनवेळी पिठल्याची धावपळ होते.

नव्या जावयाला यातलं काहीच लागू नाही. त्याने सासरीच जेवायचं आणि बाकीच्या घरी सासऱ्यांबरोबर जाऊन फक्त चहा घ्यायचा.