हरिहरला कुठून चढायचं?

आमच्या नाशिकच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर शुक्रवारी रात्री हा प्रश्न येतोच. ‘हरिहर गडाला निरगुडपाड्याकडून जावं की हर्षेवाडीकडून?’ मग कॉलेज रोडचे आमचे एक काका, बँकेतून निवृत्त, उत्तर लिहायला बसतात. गाडी कुठे लावायची, कातळातल्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी हातासाठी खोबण्या आहेत त्या कशा धरायच्या, जवळपास ऐंशी अंशांच्या त्या चढावरून उतरताना तोंड कातळाकडेच का ठेवायचं, पावसाळ्यातल्या रविवारी पायऱ्यांवर रांग का तुंबते... सगळं. एका बोटाने. ग्रुप श्वास रोखून ‘टायपिंग’ हा शब्द बघत बसतो.

उत्तर येतं. लगेच त्यावर ‘शुभ रात्री’चा गुलाब पडतो. मग कुणाच्या तरी भाचीचा वाढदिवस निघतो आणि केकच केक. सकाळी काकांचा मजकूर इतका वर गेलेला असतो की तो गाठणं हाच एक ट्रेक. आणि नाश्त्याच्या सुमाराला नवा मेंबर विचारतो, ‘हरिहरची काही माहिती मिळेल का सर?’

‘सर्च करा’ म्हणणं सोपं आहे. करून बघा. निम्म्यांनी इंग्रजी लिपीत लिहिलंय, तेही तीन स्पेलिंगं करून. देवनागरीत शोधलं तर वैकुंठ चतुर्दशीला कपालेश्वर आणि सुंदरनारायणाची हरिहर भेट होते, तिच्या शुभेच्छा रांगेने हजर. गड एकीकडे, देव दुसरीकडे. शिवाय २०२२ साली ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. आम्हाला केवढा आनंद! म्हणजे चौपट लोक, चौपट गुलाब.

शेवटी मी फोरम, म्हणजे विषयवार चर्चेचं संकेतस्थळ, उभारायचं ठरवलं. मराठीला हे काही नवीन नाही, ‘मायबोली’ संकेतस्थळ १९९६ पासून चालू आहे. डिस्कोर्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते सर्व्हरवर चढवलं. प्रत्येक गडाचा वेगळा धागा, जुनं सगळं जागच्या जागी. त्यातली मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे नवा प्रश्न लिहायला घेतला, की मथळा टाइप करतानाच तसे जुने धागे शेजारी दिसू लागतात.

हीच सोय नडली. इंदिरानगरच्या एका ताईंचा फोन आला. ‘अरे, मी विचारायच्या आधीच ते उत्तर दाखवतंय. म्हणजे मी बोलूच नको का?’

मला उत्तर सुचलं नाही. त्यांना हरिहरची वाट नको होती, त्या तिथे दोनदा जाऊन आल्यात. शुक्रवारी रात्री कुणीतरी ‘ताई, या की आमच्याबरोबर’ म्हणावं, एवढंच हवं होतं. ते काही जुन्या धाग्यात सापडत नाही.

तरी काकांनी फोरमवर फोटो, नकाशासकट सुरेख लेख लिहिला. कुणीतरी त्याचे स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकले, तेही उलट्या क्रमाने. वाहवा झाली ती ग्रुपवर. फोरमवर काकांच्या लेखाखाली एकच प्रतिसाद, माझा.

फोरम चालला तो मिसळीमुळे. ट्रेक उतरल्यावर मिसळ कुठे खायची, हा धागा मी गंमत म्हणून काढला होता. गंगापूर रोडवाले विरुद्ध पंचवटीवाले अशी जुंपली, ती अजून मिटलेली नाही. तिथे फोरमची खरी ताकद कळली. एकाच ठिकाणच्या रश्श्याला काकांनी परवा ‘नाशकात तोड नाही’ म्हटलं आणि कुणीतरी त्यांचाच दिवाळीतला प्रतिसाद उचलून खाली चिकटवला, ‘रस्सा म्हणजे गरम पाणी’. तारीख-वेळेसकट. ग्रुपवर असतं तर कधीच वाहून गेलं असतं.

रात्री काकांचा फोन. आवाज एकदम खाली.

‘ते दिवाळीचं काढून टाकता येतं का रे?’

‘येतं की काका.’

‘मग टाक. आणि हरिहरचं मी आपलं ग्रुपवरच लिहीत जाईन.’